हात थरथरतो, पण कधी?

हाताला नव्याने कंप सुटला की घरच्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं पार्किन्सनचं. डॉक्टर मात्र आधी पाहतात, हात थरथरतो कधी. मांडीवर निवांत ठेवलेला हात सेकंदाला 4 ते 6 वेळा हलत असेल, बोटं गोळी वळल्यासारखी फिरत असतील, तर संशय पार्किन्सनचा. चहाचा कप ओठांशी नेतानाच हिंदकळत असेल तर बहुधा ‘इसेन्शियल ट्रेमर’, अनेकदा घराण्यातच चालत आलेला.

मग कागदावर चक्राकार रेघ काढायला लावतात. बिनखर्चाची तपासणी, पण रेघ बरंच सांगून जाते.

औषधांची पिशवीही उघडायला लावतात: दम्याचं साल्ब्युटामॉल, फिटचं व्हॅल्प्रोएट, लिथियम, कशानेही हात थरथरू शकतो. थायरॉइडसाठी रक्त तपासतात. रुग्ण चाळिशीच्या आतला असेल तर शरीरात तांबं साठवणारा विल्सनचा आजारही तपासावा लागतो. एमआरआय मात्र प्रत्येकाला लागत नाही.