बांधावं मुळशीत, उडवावं कुठं?

मोठ्या रॉकेटचा किट उघडला की आधी थोडी निराशाच होते. फायबरग्लासच्या दोन-तीन जाड नळ्या, एक टोकदार नाक, तीन-चार चपटे पंख, भोकं पाडलेल्या चकत्या, केव्हलारचा लांबलचक पट्टा, घडी घातलेलं पॅराशूट आणि मूठभर नट-बोल्ट. पेटणारं, धूर सोडणारं असं त्यात काहीच नसतं. मोटर वेगळी घ्यायची असते, आणि भारतात घोडं पेंड खातं ते तिथे, असा सगळ्यांचा समज आहे. तो निम्मा खरा आहे. या यंत्राचा कस वर जाताना लागतो त्याहून कितीतरी जास्त खाली येताना लागतो, आणि मुळशी तालुक्यात खाली यायला जागाच उरलेली नाही.

मॉडेल रॉकेटच्या मोटरी इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जातात. ए, बी, सी असं पुढे जावं तशी मोटरची ताकद दर अक्षराला दुप्पट होते. ही ताकद न्यूटन-सेकंदांत मोजतात, म्हणजे रेटा किती आणि तो किती वेळ टिकला याचा गुणाकार. शाळकरी मुलांच्या हातभर रॉकेटातली ए मोटर जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंदांची. जी म्हणजे १६० पर्यंत. तिच्यापुढे एचपासून ‘हाय पॉवर’ सुरू होतं, आणि एलची वरची मर्यादा ५,१२० आहे, म्हणजे ए मोटरच्या दोन हजार पटींहून अधिक. अमेरिकेत एच आणि आय मोटरींसाठी पहिल्या पातळीचा, जे, के, एलसाठी दुसऱ्या आणि एम, एन, ओसाठी तिसऱ्या पातळीचा दाखला लागतो. दुसऱ्या पातळीला लेखी परीक्षाही असते. पण मुख्य अट एकच आहे: रॉकेट परत आलं पाहिजे, आणि तेही पुन्हा उडवता येईल अशा स्थितीत. कितीही उंच गेलं आणि जमिनीत घुसलं, तर परीक्षार्थी नापास.

आपण एक मधलं रॉकेट धरू. व्यास १०० मिलिमीटर, उंची अडीच मीटर, मोटरीसकट वजन १२ किलो, आत एल मोटर. बांधणीचं बहुतेक काम इपॉक्सीचं. पंख नळीला नुसते बाहेरून चिकटवत नाहीत. नळीला उभ्या खाचा पाडून पंखाची मुळं आतल्या मोटर-नळीपर्यंत नेतात, आतून, बाहेरून आणि चकत्यांना मिळून प्रत्येक सांध्यात गोलाई देत इपॉक्सी भरतात. वेग ध्वनीच्या जवळ जातो तेव्हा सैल पंख फडफडू लागतो आणि क्षणात तुटतो, म्हणून हा खटाटोप. पिरंगुट-भूगावच्या कारखान्यांच्या पट्ट्यात फायबरग्लास काय असतं हे कुणाला शिकवावं लागणार नाही. फक्त मुळशीच्या पावसाळ्यात हे काम काढू नये. ताम्हिणीकडून ढग आत शिरले की हवेतल्या ओलीमुळे इपॉक्सीचा हार्डनर पृष्ठभागावर चिकट, मेणचट थर सोडतो. तो पुसून-घासून काढल्याशिवाय वरचा थर नीट धरत नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

दिवाळीच्या बाणाला लांब काडी कशासाठी असते? ती काढून टाकली तर बाण गरगरत कुणाच्या तरी गच्चीत शिरतो. उडणाऱ्या वस्तूचा एक बिंदू तिच्या वजनाचा आणि दुसरा हवेच्या दाबाचा. दाबाचा बिंदू वजनाच्या मागे राहिला तरच नाक पुढे राहतं. काडी तो मागे ओढते. मोठ्या रॉकेटात तेच काम पंख करतात. दोन बिंदूंमध्ये किमान एका व्यासाचं अंतर हवं, म्हणजे आपल्या रॉकेटात १०० मिलिमीटर. वजनाचा बिंदू रॉकेट आडवं टांगून सापडतो. दाबाचा बिंदू कागदावर काढायची सोपी रीत १९६६ साली नासातल्या जेम्स बॅरोमन यांनी हौशी मंडळींपुढे मांडली. आज ती ‘ओपनरॉकेट’ या फुकट संगणक-प्रणालीत बसलेली आहे. ही प्रणाली हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याच्या २००९ मधल्या पदव्युत्तर प्रबंधातून आली.

पंख मात्र हवा वाहू लागल्यावरच कामाला लागतात. उभं असलेलं रॉकेट स्थिर नसतं, म्हणून त्याला तीनेक मीटरच्या ॲल्युमिनियमच्या रुळावरून सोडतात. रेटा वजनाच्या पाचपट असावा हा दंडक इथूनच येतो. पाचपटीतला एक हिस्सा वजन पेलण्यात जातो, उरलेल्या चारांवर रॉकेट तीन मीटर धावलं की वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर होतो. पंखांना पकड यायला तेवढा लागतोच. रूळ सुटल्यावर वाऱ्याकडे नाक वळवायची खोड रॉकेटात असते. जितका वारा जास्त आणि रुळावरचा वेग कमी, तितकं ते जास्त झुकतं. ताशी ३२ किलोमीटरच्या वर वारा असेल तर अमेरिकी संघटनांच्या नियमांनुसार उड्डाण होत नाही.

मोटर तीनेक सेकंद जळते. त्यानंतरचे वीसेक सेकंद रॉकेट निव्वळ मिळालेल्या वेगावर चढत राहतं आणि सुमारे ३,००० मीटरवर थांबतं. सगळा आवाज, ज्वाळा, टाळ्या या पहिल्या तीन सेकंदांच्या असतात. बांधणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो त्यानंतर.

समजा शिखरावरच मोठं पॅराशूट उघडलं. सेकंदाला सहा मीटरनं उतरायला पाचशे सेकंद लागतील, आणि वारा सेकंदाला अवघा पाच मीटर असला तरी रॉकेट अडीच किलोमीटर वाहत जाईल. उघडलंच नाही, तर दहा किलोचा भाला ताशी सहाशे किलोमीटरच्या घरातल्या वेगानं खाली येईल. म्हणून मधला मार्ग काढतात. शिखरावर रॉकेट मधोमध सुटतं, दोन्ही तुकडे केव्हलारच्या पट्ट्यानं जोडलेले राहतात, आणि रुमालाएवढ्या पॅराशूटवर सेकंदाला २५ मीटरनं पडू लागतात. जमीन २५० मीटरवर आली की मोठं पॅराशूट उघडतं. एकूण वेळ अडीच मिनिटं, वाहून जाणं पाऊण किलोमीटर.

हे सगळं घडवणारा भाग म्हणजे रॉकेटच्या पोटातली वीतभर नळी. तिच्यात हवेचा दाब मोजणारा छोटा संगणक असतो. दाब उतरायचा थांबून पुन्हा वाढू लागला की शिखर आलं, असं तो समजतो आणि एक बारीक स्फोटक पुडी पेटवतो. पुडीच्या वायूनं नळीचे सांधे सुटतात. नायलॉनचे नाजूक स्क्रू हे सांधे तोपर्यंत धरून ठेवतात. ते चढताना टिकले पाहिजेत आणि वेळ आली की तुटले पाहिजेत. संगणकाला बाहेरची हवा कळावी म्हणून नळीला बारीक भोकं असतात. ती लहान झाली तर दाब उशिरा कळतो, खडबडीत किंवा एखाद्या उंचवट्यामागे आली तर चुकीचा कळतो. ध्वनीच्या वेगाजवळच्या दाबलाटेमुळे संगणकाला शिखर आल्याचा भास होऊन भर वेगात पॅराशूट बाहेर येऊ शकतं, म्हणून त्या काळापुरतं त्याला बहिरं ठेवतात. शिवाय सगळं दुहेरी: दोन संगणक, दोन बॅटऱ्या, दोन पुड्या. एवढं करूनही रॉकेटं पडतात, आणि चौकशीत बहुधा सैल तार किंवा चुकीची घातलेली घडी सापडते.

या छंदाचा जन्मही पॅराशूटशीच बांधलेला आहे. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाल्यावर अमेरिकी पोरं घरात दारू कुटून पाइपांत भरू लागली आणि बोटं, डोळे गमावू लागली. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी चपलांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाईल यांनी त्याआधीच पुठ्ठ्याचं, बदलता येणाऱ्या मोटरीचं आणि छत्रीवर उतरणारं रॉकेट केलं होतं. त्याचं नाव ‘रॉक-अ-शूट’. व्हाइट सँड्सच्या चाचणीतळावर काम केलेले जी. हॅरी स्टाइन यांनी त्याचा खेळ आणि नियमावली केली, आणि व्हर्न एस्टिस यांनी त्या मोटरी भराभर बनवणारं यंत्र बांधलं. या वाटेचं टोक गाठलं ते ओहायोच्या स्टीव्ह इव्ह्ज यांनी. २५ एप्रिल २००९ रोजी मेरीलँडमध्ये त्यांचं सॅटर्न-५ चं एकदशांश रॉकेट, ११ मीटर उंच आणि सुमारे ७५० किलोचं, १,३०० मीटरच्या वर जाऊन पॅराशूटवर उतरलं. मेरीलँडच्या त्या भागात सपाट शेतं आहेत, हे इथं विसरून चालणार नाही.

मुळशीत ती नाहीत. नियमावली म्हणते, मैदानाची रुंदी अपेक्षित उंचीच्या निम्मी तरी हवी. आपल्या रॉकेटासाठी ती दीड किलोमीटर. पौडपासून कोळवणच्या खोऱ्यापर्यंत नजर टाका: भाताची खाचरं, बांध, मध्येच तारेचं कुंपण घातलेलं फार्महाऊस, मग वाडी, मग रस्ता. हिंजवडी आणि माण याच तालुक्यात येतात. तिथे रिकामी जागा सापडलीच तर तिच्यावर फलक लागलेला असतो. मुळेच्या खोऱ्याचा मोठा सपाट तुकडा मुळशी धरणाच्या पाण्याखाली आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला तो याच जमिनीसाठी. तलावात पडलेलं फायबरग्लास बुडतं, आणि पश्चिमेच्या कड्याजवळ वारा पुण्याकडून वाहत असला तर रॉकेट रायगड जिल्ह्यात शोधावं लागेल. हिवाळा सरला की डोंगरावर वाळलेलं गवत. तिथे मोटरीची एक ठिणगी म्हणजे वणवा. वर आकाशही मोकळं नाही. एका बाजूला खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, दुसऱ्या बाजूला लोहगावचा हवाईदलाचा तळ, आणि ३,००० मीटर ही विमानांच्या वावराची उंची.

गंमत अशी की रॉकेटची विद्या या तालुक्याच्या वेशीवर येऊन बसलेली आहे. पाषाणजवळच्या सुतारवाडीत संरक्षण खात्याची उच्च-ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा आहे. रॉकेटच्या घन इंधनांचं संशोधन तिथं चालतं. शेजारी पाषाणला ‘एआरडीई’ ही शस्त्रास्त्र संशोधन संस्था. बारा रॉकेटं ४४ सेकंदांत सोडणारं ‘पिनाक’ तिचंच. त्याच्या रॉकेटचा व्यास २१४ मिलिमीटर, म्हणजे आपल्या किटच्या जेमतेम दुप्पट. किटमधल्या मोटरीचं इंधनही वेगळ्या कुळातलं नाही. अमोनियम परक्लोरेट प्राणवायू पुरवतं, ॲल्युमिनियमची भुकटी उष्णता वाढवते, आणि दोघांना एचटीपीबी नावाचं कृत्रिम रबर बांधून ठेवतं. इस्रोच्या पीएसएलव्ही या उपग्रहवाहक रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात हेच १३९ टन भरतात. इस्रोच्या घन इंधनाचा पाया घालणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले आणि कोल्हापुरात वाढलेले वसंत गोवारीकर अग्रभागी होते. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुण्याच्या बहुतेकांना ते मान्सूनच्या भाकितामुळे आठवतात, हा थोडा अन्यायच आहे.

ही मोटर घरी बनवायची गोष्ट नाही आणि कायदाही ती बनवू देत नाही. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम यांखाली परवान्याशिवाय स्फोटकं तयार करणं, बाळगणं, वाहून नेणं हा गुन्हा आहे. परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय नागपूरला आहे. परदेशातून मोटर बॅगेत घालून आणता येत नाही, विमान कंपनी ती घेणारच नाही. म्हणून अमेरिकेतल्या स्पर्धेला जाणारे भारतीय विद्यार्थी रॉकेट इथं बांधतात आणि मोटर तिथं मैदानावर विकत घेतात. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात ‘इन-स्पेस’ या सरकारी अंतराळ संस्थेच्या पुढाकारानं विद्यार्थ्यांची कॅनसॅट (डब्याएवढे नमुना-उपग्रह) आणि मॉडेल रॉकेटं उडाली, ही अलीकडची चांगली बातमी. जागा निवडली गंगेच्या मैदानातली, आणि ती बरोबर निवडली.

तरीही मुळशीतल्या एखाद्या शाळेनं हात बांधून बसायचं कारण नाही. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप आणि रबरी बूच एवढ्यावर रॉकेट चाळीसेक मीटर जातं. त्याला परवाना लागत नाही, मात्र सोडताना सगळ्यांनी दूर उभं राहावं आणि कुणी वरून वाकून पाहू नये. ते वर जातंच. पुढचा प्रश्न मुलांना घालावा: शिखरावर पोचताच प्लॅस्टिकच्या पिशवीचं पॅराशूट आपोआप कसं उघडायचं? टोपी सैल ठेवली तर ते चढतानाच बाहेर येतं, घट्ट ठेवली तर येतच नाही. रबरबँड, खेळण्यातला चावीचा टायमर, बाजूनं उघडणारं दार असे सगळे उपाय करून पाहण्यात एक सहामाही सहज जाते. दाब मोजणारा संगणक विकत आणण्याआधी हे करून झालेलं असावं.