ताशी एक किलोमीटरचा फरक

दोरीला बांधलेला दगड गरगर फिरवून सोडला, तर तो कोणत्या दिशेने जाईल? वर्गात विचारून पाहा. 'केंद्रापासून सरळ बाहेर' असे उत्तर बरेचदा येते. प्रत्यक्षात दगड जातो वर्तुळाच्या स्पर्शिकेच्या दिशेने. हातोडाफेक हा खेळ याच तत्त्वावर उभा आहे.

हा हातोडा म्हणजे तारेला जोडलेला धातूचा गोळा. तारेच्या दुसऱ्या टोकाला मूठ. स्त्रियांच्या स्पर्धेत त्याचे वजन ४ किलो आणि लांबी सुमारे १.२ मीटर असते. २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात खेळाडू तो आधी डोक्याभोवती फिरवते, मग त्याच्यासह स्वतः तीन-चार गिरक्या घेते आणि सोडून देते. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची हातोडाफेक १९०० सालापासून आहे. स्त्रियांना ही संधी मिळाली २००० साली, सिडनीत.

इटलीची सारा फान्तिनी हिचा जन्म १९९७ चा, उत्तर इटलीतल्या फिदेन्झा गावचा. वडील गोळाफेकपटू. इस्तेर बालासिनीने २००५ साली केलेला ७३.५९ मीटरचा इटलीचा विक्रम साराने २०२२ मध्ये मागे टाकला आणि त्या जूनमध्ये माद्रिदला तो ७५.७७ मीटरपर्यंत नेला. सतरा वर्षांत वाढ झाली अवघी २.१८ मीटर. एवढी कमी का?

उत्तर शाळेतल्याच सूत्रात आहे. हवेचा विरोध आणि हात सुटतानाची उंची सोडून दिली, तर ४५ अंशांत फेकलेल्या वस्तूचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ गुरुत्वत्वरण. यावरून आम्ही आकडेमोड केली. ७३.५९ मीटरसाठी वेग लागतो सेकंदाला २६.९ मीटर, म्हणजे ताशी ९७ किलोमीटरच्या आसपास. ७५.७७ मीटरसाठी तो २७.२ मीटर, म्हणजे ताशी ९८ किलोमीटर. सतरा वर्षांची कमाई ताशी दीड किलोमीटरहून कमी!

आणि एवढाही वेग वाढवणे सोपे नाही. गोळा वर्तुळात ठेवायला अभिकेंद्री बल लागते, आणि तेही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हात आणि तार मिळून त्रिज्या १.८ मीटर धरली, तर विक्रमी फेकीच्या शेवटी हातांवरचा ताण सुमारे १,६५० न्यूटन येतो. जणू १६५ किलोंचे ओझेच हातांना ओढते आहे. म्हणून तर खेळाडू मागे रेलून फिरते. अंतर आणि बल दोन्ही वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने, दर वाढीव मीटरमागे ताणात सुमारे २२ न्यूटनची भर पडते.

माद्रिदनंतर महिन्याभरातच अमेरिकेत युजीन येथे जागतिक स्पर्धा झाली. साराची फेक ७३.१८ मीटर, क्रमांक चौथा. कांस्यपदक ७४.८६ मीटरला गेले, रौप्य ७५.५२ ला. माद्रिदची फेक तिथे पडती तर रौप्यपदक तिचे होते. वेगाच्या भाषेत कांस्य हुकले ते ताशी एका किलोमीटरने! पुढच्याच महिन्यात म्युनिकला युरोपीय स्पर्धेत तिला कांस्य मिळाले, आणि २०२४ साली रोममध्ये, स्वदेशातल्या प्रेक्षकांसमोर, ७४.१८ मीटर फेकून ती युरोपची विजेती झाली. ही फेक तिच्या स्वतःच्या विक्रमाहून दीड मीटर कमी होती. जमेल तेव्हा नव्हे, हवे तेव्हा जमणे, यातच पदक असते.

मोकळ्या मैदानावर खोडरबर दोरीला बांधून मुलांना हा प्रयोग करू द्यावा. नेम एका खुणेवर धरायला सांगावे. दोरी नेमकी कधी सोडायची हे जेव्हा त्यांच्या हाताला कळेल, तेव्हा स्पर्शिका फळ्यावर काढून दाखवण्याची गरज उरणार नाही.