रायली, चिन्मय आणि कोपीतली मुलं

अकरा वर्षांच्या मुलीचं घर बदलतं, एवढीच ‘इन्साइड आऊट’ची गोष्ट. वडिलांच्या कामासाठी रायली मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोला येते. सामानाचा ट्रक वेळेवर पोचत नाही, मैत्रिणी आणि आइस हॉकी मागे राहतात. बाबांवर ताण आहे, आपण हसतमुख राहू, असं आई सांगते आणि रायली हसत राहते. तिच्या डोक्यात आनंद (जॉय), दुःख (सॅडनेस), राग, भीती आणि किळस ही पाच पात्रं कारभार बघतात. त्यातली जॉय सॅडनेसला कशालाही हात लावू देत नाही.

पिक्सारचा हा चित्रपट २०१५ च्या जूनमध्ये आला. त्याच महिन्यात आपल्याकडे अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ लागला होता. त्यातला चिन्मयही अकरा वर्षांचाच. वडील गेलेले आणि आईची बदली झालेली, म्हणून पुणे सोडून कोकणातल्या लहान गावात आलेला. इथे डोक्यातलं काही उलगडून दाखवत नाहीत. पाऊस, समुद्र आणि चिन्मय झालेल्या अर्चित देवधरचा गप्प चेहरा सगळं सांगतात. मला ‘किल्ला’ जास्त भिडला, पण मुलांसोबत बसून बोलायला ‘इन्साइड आऊट’ अधिक उपयोगी पडतो.

दिग्दर्शक पीट डॉक्टर यांची मुलगी अकराव्या वर्षी अबोल झाली, तिथून या चित्रपटाचा विचार सुरू झाला. भावनांचे अभ्यासक पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर यांचा त्यांनी सल्ला घेतला. आधीच्या पटकथेत जॉयच्या प्रवासात सोबतीला भीती होती. काही केल्या गोष्ट जमेना, तेव्हा डॉक्टर यांनी भीतीच्या जागी दुःखाला आणलं आणि चित्रपटाला कणा मिळाला.

तो कणा एका प्रसंगात स्पष्ट दिसतो. रायलीचा लहानपणीचा काल्पनिक सवंगडी बिंग बाँग, त्याची गाडी कायमची गेल्यावर मटकन खाली बसतो. जॉय त्याला गुदगुल्या करते, वेडीवाकडी तोंडं करते. तो ढिम्म हलत नाही. सॅडनेस नुसती शेजारी टेकते, तुझं आवडतं काहीतरी गेलं, म्हणते आणि ऐकत राहते. तो रडतो आणि उठून चालायला लागतो. दुःख दिसलं की माणसं जवळ येतात. लपवलं की मूल एकटं पडतं. ‘रडू नको, शहाणा ना तू?’ असं म्हणताना आपण नेमकी ही वाट बुजवतो.

पुण्याजवळच्या कासारसाईला हे सांगायचं कारण इथला श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना. हाकेच्या अंतरावर हिंजवडी आहे. तिथल्या इमारतींत परगावाहून आलेल्या रायली बऱ्याच असतील आणि त्यांच्यासाठी समुपदेशक मिळतोही. पण पश्चिम महाराष्ट्रात साखरेचा हंगाम म्हणजे दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. ते अंधारात फडात जातात आणि कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण उरते. हंगाम संपून पट्टा पडला की परत गावी. दरवर्षी दोनदा तिचं सगळं बदलतं.

या मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहंही झाली. शाळा तुटू नये म्हणून केलेली ही सोय मोलाची आहे. पण वसतिगृहात राहिलेल्या मुलाचे आईबाप दूर असतात आणि साखरशाळेत आलेल्याचं गाव. त्याला काय आठवतंय, मागे कोण राहिलंय, हे विचारायला वेगळा पैसा लागत नाही. हजेरी घेतल्यावर गुरुजींनी पाच मिनिटं द्यावीत आणि उत्तर आलं की लगेच समजूत घालू नये.

२०२४ मध्ये आलेल्या ‘इन्साइड आऊट’च्या दुसऱ्या भागात रायली तेरा वर्षांची होते आणि हॉकीच्या संघात निभाव लागेल का, या चिंतेने तिला घेरलेलं असतं. ऊसतोड कुटुंबांत मुलगी तेरा-चौदाची झाली की अनेकदा तिच्या लग्नाचं बोलणं निघतं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, कोयत्याला जोडी लागते आणि फडावर जाणाऱ्या आईबापाला वयात आलेली पोर एकटी मागे ठेवायची धास्ती असते. तिला काय वाटतं हे विचारायला तेव्हा उशीर झालेला असतो.