मलईवाचून दाट सूप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाला गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांचे ढीग, धणे, दगडफूल, नागकेशर, आणि डंक्याच्या आवाजावर ओरडून सांगितलेली मापं. वर्षभराचा मसाला इतक्या हौसेने करून नेणाऱ्या घरांत सूपचा विषय निघाला की मात्र हमखास ऐकू येतं, "घरात क्रीम नाहीये, कसलं सूप करतेस?" दूध न पचणारे सासरे किंवा प्राणिजन्य काहीच न खाणारी कॉलेजातली मुलगी घरात असेल, तर बेत तिथेच बारगळतो. तो बारगळायचं काही कारण नाही.

गैरसमज: क्रीम नाही म्हणजे सूप पाणचट

सूप दाट होतं ते दोन गोष्टींनी. एक, पाण्यात विखुरलेले स्निग्धाचे अतिशय बारीक थेंब. दुसरी, पाणी धरून ठेवणारा स्टार्च आणि तंतू. क्रीममधून यातली फक्त पहिली मिळते, आणि ती इतर ठिकाणीही मिळते. एकादशीची दाण्याची आमटी आठवा. भाजलेल्या दाण्याचं बारीक कूट पाण्यात वाटलं, उकळलं, की आमटी दुधाळ आणि दाट. टोमॅटोच्या साराला नारळाचा रस, कटाच्या आमटीला पुरणाच्या डाळीचं पाणी, रश्श्याला भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण. गिरणगावातल्या ज्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्या गिरणी कामगारांना जेवू घालायच्या. त्यांच्या महिन्याच्या हिशेबात क्रीम कुठून बसणार? सूप हा पदार्थ बाहेरून आला असेल, पण मलईवाचून दाटपणा आणायची रीत आपल्याकडे आधीपासून आहे.

गैरसमज: काजूने कोलेस्टेरॉल वाढतं, शिवाय परवडत नाही

काजूत कोलेस्टेरॉल नसतं. वनस्पतीजन्य अन्नात ते नगण्यच असतं. काजूत असते ती चरबी, 100 ग्रॅममागे सुमारे 44 ग्रॅम, आणि उष्मांक साधारण 550. पण चार वाट्या सूपला दहा-बारा काजू पुरतात, म्हणजे माणशी तीन. त्यातही तुकडा काजू अख्ख्यापेक्षा स्वस्त पडतो, आणि वाटायचाच असेल तर अख्खा घ्यायची चैन कशाला?

खरी गडबड होते ती वाटताना. काजू कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवावेत. मग भाज्यांबरोबर मोठ्या भांड्यात न टाकता चटणीच्या छोट्या भांड्यात, दोन-तीन चमचेच पाणी घालून आधी वेगळे वाटावेत. मोठ्या भांड्यात पाणी जास्त असलं की काजू पात्यांभोवती नुसते फिरत राहतात, बारीक होत नाहीत. वाटण झालं की चिमूटभर दोन बोटांत चोळून बघा. रवाळ लागलं तर आणखी फिरवा. क्रीमसारखा मऊपणा याच चाचणीवर ठरतो.

काजू नको असतील तर भाजून सालं काढलेले शेंगदाणे, मगज बी, किंवा भाजीबरोबरच शिजवलेला मूठभर तांदूळ चालतो. शेंगदाण्याची चव पुढे येते, ती लाल भोपळ्याला शोभते, फ्लॉवरला नाही. हे माझं मत. फ्लॉवरला मगज बी बरी.

गैरसमज: नारळाचा रस उकळला की फाटतो, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये

फाटतो हे खरं, पण कशाने ते कळलं की फाटत नाही. रसातले तेलाचे थेंब पाण्यात तरंगते राहतात ते नारळातल्या प्रथिनांमुळे. खळखळून उकळी आली किंवा आंबट पदार्थ पडला की ही प्रथिनं गोळा होतात आणि तेल सुटतं. म्हणून कोकणातल्या घरांत दोन रस काढतात. पहिला दाट, बाजूला ठेवायचा. चोथ्यात पुन्हा कोमट पाणी घालून दुसरा पातळ. भाजी शिजते ती दुसऱ्या रसात, पहिला शेवटी, आच मंद करून, आणि त्यानंतर ढवळत नुसती वाफ येईपर्यंतच. लिंबू किंवा आमसूल घालायचं ते गॅस बंद केल्यावर. सोलकढी तापवत नाहीत, त्यामागचं शास्त्रही हेच.

डब्यातला किंवा खोक्यातला रस सहसा इतक्या सहज फाटत नाही, कारण त्यात बहुधा तो एकजीव ठेवणारे पदार्थ मिसळलेले असतात. घाईच्या दिवशी तो वापरण्यात कमीपणा नाही.

गैरसमज: जास्त फिरवलं की जास्त छान होतं

भोपळा, गाजर, फ्लॉवर, दुधी यांच्या बाबतीत बरोबर. बटाट्याच्या बाबतीत साफ चूक. शिजलेला बटाटा मिक्सरच्या वेगाने फिरला की त्यातला स्टार्च मोकळा होऊन सगळं खळीसारखं चिकट, तार येणारं होतं. बटाटा घालायचाच तर एखादा लहान, आणि तो पावभाजीच्या मॅशरने ठेचून शेवटी मिसळावा. मुंबईतल्या घरात मॅशर नाही असं सहसा होत नाही.

आणि उकळतं सूप मिक्सरमध्ये ओतून झाकण घट्ट लावू नका. आतली वाफ झाकण उडवते आणि दहा बाय बाराच्या खोलीत पळायला जागा नसते. भाज्या गाळून परातीत पसरा, पाच-दहा मिनिटं निवू द्या, भांडं अर्ध्यापेक्षा कमी भरा. हँड ब्लेंडर असेल तर पातेल्यातच काम होतं.

आता प्रत्यक्ष कृती. चार जणांना अर्धा किलो लाल भोपळा साल काढून लहान फोडी, एक कांदा, चार लसूण पाकळ्या, दोन चमचे शेंगदाण्याचं तेल. काजू आधी गरम पाण्यात टाकून ठेवा. तेलात कांदा-लसूण मऊ करा, लाल नको. भोपळा, मीठ, तीन वाट्या पाणी घालून झाकण ठेवा. दहा-बारा मिनिटांत फोड सुरीने सहज तुटते. निववून वाटा, काजूचं वाटण मिसळा, पुन्हा गरम करा, मग मिरपूड. हवं तर तेलात परतताना घरच्या मालवणी मसाल्याची दोन चिमूट. जास्त घातला तर तो रस्सा होतो, सूप राहत नाही. अर्ध्या तासात सगळं उरकतं, आणि ते गाळायची अजिबात गरज नाही. गाळणीत राहतो तो भाजीचा तंतूच. टोमॅटोची सालं आणि बिया जिभेला लागतात, तेवढाच अपवाद.

गैरसमज: तेलाचा थेंबही नसलेलं सूप सर्वांत पौष्टिक

भोपळा-गाजरातलं बीटा कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन शरीरात नीट शोषलं जायला थोडी चरबी लागते. लायकोपीन तर कच्च्यापेक्षा शिजवलेल्या टोमॅटोतून जास्त मिळतं. शिजवल्याने क जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, हे नाकारता येत नाही. पण पाण्यात उतरलेली बाकीची द्रव्यं सूपमध्ये पोटातच जातात, भाजीचं पाणी मोरीत ओतल्यावर जातात तशी वाया नाही.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. वनस्पतीजन्य म्हणजे हलकं, असं समजून वाटीभर नारळाचा दाट रस ओतणारे पुष्कळ. खोबरेल तेलातली सुमारे 90 टक्के चरबी संपृक्त असते, आणि नारळाच्या रसात उतरते ती हीच. हृदयविकाराचं पथ्य असेल त्यांनी भोपळ्याच्या किंवा डाळीच्या दाटपणावर भर द्यावा.

डाळ आणखी एका कारणासाठी घालावी. नुसत्या भाज्यांच्या सूपमध्ये प्रथिनं फारशी नसतात, त्यामुळे ते रात्रीचं जेवण म्हणून घेतलं की दहा वाजता डब्यात चिवडा शोधणं ओघाने आलं. मूठभर मसूर डाळ भोपळ्याबरोबर टाकली तर ती न भिजवता वीसेक मिनिटांत विरघळल्यासारखी शिजते आणि दाटपणाही देते. मूग किंवा हरभरा डाळ शिजवल्याचा कट असेल तर साध्या पाण्याऐवजी तोच घ्या. विकतच्या सूप-क्यूबमधून मुख्यतः मीठ मिळतं.

गैरसमज: पाकिटावर हिरवा ठिपका आहे म्हणजे दूध नाही

हिरवा ठिपका शाकाहाराचा, आणि भारतीय नियमांत दूध शाकाहारात मोडतं. तयार सूपच्या पाकिटात दुधाची पावडर असू शकते. पूर्ण वनस्पतीजन्य अन्नासाठी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये वेगळे नियम केले आणि त्यासाठी व्ही अक्षराचं स्वतंत्र हिरवं चिन्ह आहे. ते दिसलं नाही तर घटकांची यादी वाचावी.

उरलेल्या सूपबद्दल एवढंच, की मुंबईच्या दमट हवेत ते ओट्यावर रात्रभर ठेवू नका, नारळाच्या रसाचं तर मुळीच नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. काजूचं सूप थंड झाल्यावर घट्ट होतं, ते बिघडलेलं नसतं. गरम पाणी घालून सारखं करा. आणि पाहुण्यांना वाढण्याआधी त्यात काजू किंवा शेंगदाणे आहेत हे सांगा. वाटून टाकल्यावर ते दिसत नाहीत आणि ज्यांना त्यांची अॅलर्जी असते त्यांना दोन घोटही महागात पडू शकतात.