अवरक्त वर्णपट आणि मातीची परीक्षा

मातीतील सेंद्रिय कर्ब मोजण्यास आजवर १९३४ सालच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीचाच मुख्य आधार राहिला आहे. तीत डायक्रोमेट व तीव्र गंधकाम्ल खर्ची पडते, आणि उरलेले क्रोमियमयुक्त पाणी टाकावयाचे कोठे, हा प्रश्न निराळाच. अवरक्त वर्णपटाची पद्धती ही सारी रसायने टाळते. वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळलेल्या मातीवर प्रकाश टाकावयाचा आणि ३५० ते २५०० नॅनोमीटरपर्यंत कोणत्या तरंगलांबीचा किती अंश परत आला, ते नोंदवावयाचे. १४०० व १९०० च्या आसपास पाण्याची, २२०० पाशी चिकणमातीतील ॲल्युमिनियम-हायड्रॉक्सिल बंधाची, तर २३४० पाशी चुनखडीची खूण उमटते.

पण खूण म्हणजे आकडा नव्हे. आकडा मिळावयाचा तर शेकडो नमुने प्रथम रासायनिक रीतीने तपासून त्यांच्या वर्णपटांशी मेळ घालावा लागतो. शेफर्ड व वॉल्श यांनी २००२ मध्ये पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील हजारांवर नमुन्यांचा असा संग्रह प्रसिद्ध केला. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा. त्यास येथे ओळखीची अडचण दिसते. एका बोलीवरून बांधलेले नियम शेजारच्या बोलीस लावले की जी फसगत होते, तीच ही. माती जितकी काळी तितका कर्ब अधिक, हा नियम अनेक प्रदेशांत बऱ्याच अंशी खरा ठरतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत मात्र तो चालत नाही. तेथील काळेपणा बराचसा स्मेक्टाइट चिकणमातीशी घट्ट बांधल्या गेलेल्या अल्पशा सेंद्रिय द्रव्याचा. कर्ब पुष्कळदा १ टक्क्याहूनही कमी. तेव्हा परक्या संग्रहावर बेतलेले गणित येथे कर्ब फुगवून सांगण्याचा संभव असतो.

चिकणमातीचे प्रमाण, कर्ब व धनायन-विनिमय क्षमता यांचे अनुमान, संग्रह स्थानिक असल्यास, चांगले जमते. उपलब्ध स्फुरद व पालाश यांची गोष्ट वेगळी. त्यांची स्वतःची खूण या पट्ट्यात जवळजवळ नसतेच. जो आकडा निघतो तो इतर घटकांशी असलेल्या सहसंबंधावरून. संबंध तुटला की आकडा निराधार होतो, आणि यंत्र तो तितक्याच ठामपणे छापते. शेतकरी खताची गोणी घेतो ती त्याच आकड्यावर. म्हणून आपल्या चुनखडीयुक्त जमिनींत स्फुरदाकरिता १९५४ सालची ओल्सन यांची बायकार्बोनेट पद्धती सोडता येत नाही.