झबलं उलटं करून बघा

गिऱ्हाईक झबलं हातात घेतं ते सुलट्या बाजूने. रंग बघतं, लेस बघतं, खिशावरचा हत्ती बघतं. मी ते उलटं करून परत त्यांच्या हातात देते. बाळाच्या अंगाला लागते ती ही आतली बाजू, आणि माझी सगळी मेहनतही इथेच असते.

कोल्हापुरात घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. झबली, टोपरी, कुंच्या, दुपटी, जरा मोठ्या मुलींचे परकर-पोलके शिवते. सुती कापडासाठी लांब जावं लागत नाही. इचलकरंजी जवळच, १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि गावाचं वस्त्रनगर झालं. कुंचीचा खण मात्र बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा.

कापड आणलं की आधी पाण्यात. नव्या कापडाला खळ असते, ती निघायला हवी; आटायचं ते कात्री लागण्याआधीच आटायला हवं. गडद लाल-निळ्या कापडावर पांढरी ओली चिंधी घासून बघते. चिंधीला रंग लागला तर ते कापड तान्ह्यासाठी घेत नाही. बाळ बाहीची कड चोखणारच.

बाजारातल्या झबल्याला आतून बहुधा ओव्हरलॉक असतं. त्याचा दोरा काखेत घासतो, घाम आला की तिथेच लाल होतं. मी फ्रेंच शिलाई घालते. कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून पहिली टीप सुलटीकडून मारायची, माया अगदी बारीक कापायची, कापड उलटवून नखाने कड बसवायची आणि दुसरी टीप मारायची. कापलेली कड दोन टिपांच्या मधे बंद होते. एकही सूत बाहेर राहत नाही. गळ्याला क्रॉस पट्टी, तीही चपटी, कारण तान्ह्याची हनुवटी कायम गळ्यावर टेकलेली असते.

बटणं, मणी, मोती मी लावत नाही. सुटलं की थेट तोंडात जातं. झबल्याला बाजूला बंद, तेही आखूड. युरोपातल्या मानकांनुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्यापाशी किंवा टोपीला दोरी चालत नाही. आपल्या कुंचीला तर हनुवटीखाली बंद असतोच. म्हणून कुंची देताना मी प्रत्येक आईला बजावते: बाळ झोपलं की कुंची काढायची. आजी नाराज झाल्या तरी चालेल.

मापासाठी मी महिन्यांपेक्षा वजन विचारते. बाळाचं वजन साधारण पाचव्या महिन्यापर्यंत जन्माच्या दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. झबलं दोन-तीन महिन्यांचंच असतं. परकराला मात्र खाली टक्स घालून ठेवते. दर वर्षी एक उसवला की परकर पुन्हा लांबीला पुरतो.

किमतीवर सगळ्यांचं अडतं. ‘काकी, बाजारात शंभराला मिळतंय की! एवढुसं तर हाय, कापड लागतंय किती?’ कापड खरंच थोडं लागतं, अर्धा मीटर. पण वाटीएवढ्या मुंढ्याला बाही बसवणं मोठ्या माणसाच्या बाहीपेक्षा अवघड असतं. कापड, बंद, दोरा मिळून सत्तर रुपये आणि दीड तासाचं काम. मी २८० घेते. शेजारच्या बाया ‘घरचंच तर काम’ म्हणून मजुरी धरतच नाहीत, तेव्हा मला फार वाईट वाटतं. मशीनवर वाकलेली पाठ घरी काय आणि दुकानात काय, सारखीच दुखते.

जीएसटीची धास्ती घेऊन कुणी थांबू नये. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या विक्रीसाठी नोंदणी सक्तीची नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा छोट्या विक्रेत्यांना राज्यापुरतं ऑनलाइन बाजारातही विकता येतं; त्यासाठी पोर्टलवरून एक क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर माल पाठवायचा तर नियम वेगळे, ते आधी विचारून घ्यावेत.

डिसेंबरपासून बोरन्हाणाच्या काळ्या झबल्यांची गडबड सुरू होते, ती रथसप्तमीपर्यंत. हलव्याचे दागिने काटेरी असतात, म्हणून त्या झबल्याला आतून पांढऱ्या मलमलचं अस्तर लावते. त्याला एक दिवस जास्त लागतो. तेव्हा ऑर्डर पंधरा दिवस आधी द्यावी आणि बाळाचं वजन कळवावं.