गाणगापूरच्या वाटेवरचं हॉटेल-शिक्षण

पौर्णिमा जवळ आली की सोलापूर-पुण्याकडचे दत्तभक्त गाणगापूर रोड स्टेशनावर उतरतात आणि खोली, चहा, आंघोळीचं गरम पाणी यांची एकच धांदल उडते. ती सांभाळणारी पोरं अफझलपूर-आळंद भागातली. आलेल्या माणसाशी मराठीत, मालकाशी कन्नडमध्ये, टमटमवाल्याशी दखनीत बोलणारी. एवढं अंगात असूनही हातात प्रमाणपत्र नसल्यामुळे ती तिशीतही ‘पोऱ्या’च राहतात. याचं मला फार वाईट वाटतं.

हॉटेल मॅनेजमेंट म्हटलं की घरचे लाखांच्या फीचा हिशोब मांडतात. खरं तर सुरुवात बरीच स्वस्तात होते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने 2009-10 मध्ये ‘हुनर से रोजगार तक’ ही प्रशिक्षण योजना आणली तेव्हा अट होती आठवी पासची, वय 18 ते 25. स्वयंपाक आठ आठवडे, वाढपाचं काम सहा आठवडे, फी नाही. दहावी झालेल्यांसाठी हॉटेल मॅनेजमेंटच्या नॅशनल कौन्सिलचा ‘फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस’चा 24 आठवड्यांचा कोर्स आहे. आयटीआयचे एक वर्षाचे ट्रेड वेगळे. या शिक्षणाचा उगम आपल्या मुंबईचा. 1954 साली लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने तिथे देशातलं पहिलं केटरिंग कॉलेज उभं राहिलं.

इतक्या थोड्या दिवसांत शिकवतात काय? उदाहरणार्थ, पलंगावरची चादर. ती पायथ्याशी गादीखाली खोचायची, बाजूची कड उचलून गादीवर तिरकी टाकायची, खाली लोंबणारा भाग आत सारायचा आणि मग उचललेली कड खाली सोडून खोचायची. कोपरा पाकिटासारखा बसला पाहिजे. नाही बसला तर चादर उपसून पुन्हा पहिल्यापासून. पंचविसाव्या खोलीतही तोच कोपरा तसाच बसेपर्यंत हात घोटावा लागतो. घरकाम आणि धंदा यांतला फरक मला तिथे दिसतो.

पंगतीची या भागाला नवलाई नाही. गाणगापूरची माधुकरी, हुमनाबादजवळच्या माणिकनगरचं अन्नदान, कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचा दासोह, बिदरच्या नानक झिरा गुरुद्वाऱ्यातला लंगर. शेकडो माणसांचा अंदाज घेऊन डाळ शिजवणारे हात इथे घरोघरी आहेत. त्यांना जोड हवी ती थर्मामीटरची आणि वहीची. शिजलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मध्ये रेंगाळलं की जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून वाढेपर्यंत ते 60 च्या वर गरम ठेवायचं. अन्न हाताळणाऱ्या दर 25 माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असं अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआय सांगते. शिकलेल्या मुलाला इथेच जागा आहे.

राज्यघटनेच्या 371(जे) कलमाने कलबुर्गी-बिदरसारख्या जिल्ह्यांना सरकारी नोकऱ्यांत आणि कॉलेजांच्या जागांत वाटा दिला, पण हॉटेलं बहुतेक खासगी. तिथे मुलगा काम करून काय दाखवतो यावरच सगळं ठरतं. नोव्हेंबर 2019 मध्ये कलबुर्गीचा आणि फेब्रुवारी 2020 मध्ये बिदरचा विमानतळ प्रवाशांसाठी सुरू झाला. बिदरचा किल्ला आणि महमूद गवानचा 1472 चा मदरसा पाहायला लांबून माणसं येतात. चार भाषा बोलणारी भालकी-औरादची मुलगी अशा ठिकाणी रिसेप्शनवर उभी राहिली तर तिच्या तोडीचं माणूस बेंगळुरूहून आणावं लागणार नाही.

म्हणून माझा आग्रह आहे, की हे छोटे वर्ग तालुक्याच्या गावी भरावेत, शिकवणं कन्नड-मराठीत व्हावं आणि कामाच्या सरावासाठी मुलांना गाणगापूरच्या यात्रीनिवासांत पाठवावं. पौर्णिमेच्या गर्दीत तीन दिवस टिकलेल्या मुलाला कुठल्याही हॉटेलने बेधडक कामावर घ्यावं.